ब्रॅडॉक एका दिवसात संपला, फोर्ब्स का संपला नाही?

प्रश्न असा आला आहे: १७५५ मध्ये जनरल ब्रॅडॉकची ब्रिटिश फौज अमेरिकेच्या जंगलात फ्रेंच आणि मूळ अमेरिकन योद्ध्यांनी कापून काढली. ड्रोन आणि उपग्रहांच्या जमान्यात लष्करी नियोजन करणाऱ्याला त्यातून काय मिळणार? गनिमी काव्यापुढे कवायती फौज टिकत नाही, एवढाच धडा ना?

माझी सगळी नोकरी सैन्याच्या पुरवठा खात्यात गेली. त्यामुळे उत्तर रसदीच्या बाजूला झुकणार, हे आधीच सांगून टाकतो. पण पायदळातल्या माणसाने लिहिलं असतं तरी त्याला एक गोष्ट मान्य करावी लागली असती, ती म्हणजे एकटा ब्रॅडॉक वाचून भागत नाही. तीनच वर्षांनी, १७५८ मध्ये, जॉन फोर्ब्स नावाचा दुसरा ब्रिटिश सेनानी त्याच किल्ल्यावर चालून गेला. जंगल तेच, डोंगर तेच, शत्रूही तोच. फोर्ब्सच्या फौजेनेही किल्ल्याच्या तोंडाशी सडकून मार खाल्ला, शेकडो माणसं गमावली, आणि तरी दहा आठवड्यांनी किल्ला त्याच्या हातात होता. वाईट दिवस दोघांच्याही वाट्याला आला. एकाची मोहीम त्याच दिवशी का संपली आणि दुसऱ्याची का चालू राहिली, हा मला खरा प्रश्न वाटतो.

किल्ल्याचं नाव फोर्ट ड्यूकेन. अ‍ॅलिगेनी आणि मोनोंगहेला या नद्या जिथे मिळून ओहायो नदी होते, त्या संगमावर फ्रेंचांनी तो बांधला होता. आज तिथे पिट्सबर्ग शहर आहे. संगम ज्याच्या ताब्यात त्याच्या हाती अख्खं ओहायो खोरं, म्हणून दोघांनाही तो हवा होता. ब्रॅडॉक मेरीलँडमधल्या फोर्ट कंबरलँडहून निघाला. तिथून किल्ला सुमारे १७५ किलोमीटर. मध्ये अ‍ॅलिगेनीच्या एकामागून एक रांगा, घनदाट झाडी, आणि गाडी जाईल असा रस्ता नाही.

आधी गनिमी काव्याचा मुद्दा निकालात काढू. आपल्याकडे जंगलात फौज कापली गेली म्हटलं की लगेच उंबरखिंड डोळ्यांपुढे येते. उंबरखिंडीत कारतलबखानाला जागा हेरून, वाट बघून कोंडलं होतं. ९ जुलै १७५५ ला मोनोंगहेलाच्या काठी तसं काही झालं नाही. फ्रेंच कॅप्टन बोज्यूला नदीच्या उतारावरच ब्रिटिशांना अडवायचं होतं, पण सोबतच्या योद्ध्यांना राजी करण्यात वेळ गेला आणि तो पोचेपर्यंत ब्रिटिश फौज नदी ओलांडून गेली होती. दोन्ही फौजा रानात समोरासमोर आल्या आणि दोघीही चपापल्या. पहिल्या काही मिनिटांत तर पारडं ब्रिटिशांकडेच होतं. गेज नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या बिनीच्या तुकडीने गोळीबार केला, त्यात खुद्द बोज्यू पडला, कॅनडाचे बरेच मिलिशियावाले मागच्या मागे पळाले. पण द्यूमा नावाच्या अधिकाऱ्याने सूत्रं हाती घेतली आणि ओटावा, ओजिब्वे, शॉनी, डेलावेअर योद्धे कोणाच्या हुकमाची वाट न बघता झाडांआडून दोन्ही बगलांना पसरले. उजवीकडची टेकडी ब्रिटिशांनी घेतलीच नव्हती. ती त्यांनी घेतली.

पुढचं जे झालं ते कोणत्याही अरुंद रस्त्यावर आजही होऊ शकतं. बिनीची तुकडी मागे हटली आणि हटताना दोन तोफा सोडून आली. त्याच वेळी आवाज ऐकून मुख्य फौज पुढे धावली. मधे रस्ता तोडणाऱ्यांची तुकडी, तिच्या गाड्या आणि अवजारं. बारा फूट रुंदीच्या वाटेवर तिन्ही एकमेकांत घुसल्या. कुणाचा कंपनी कमांडर कोण हे कळेना, धुरात आपल्याच माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या. तीन तास हे चाललं. सुमारे १,४०० पैकी ९०० च्या आसपास ठार किंवा जखमी झाले, त्यात ८० हून अधिक अधिकाऱ्यांपैकी ६३ जण. समोरचे जेमतेम ९०० होते आणि त्यांचं नुकसान चाळीसच्या आतबाहेर.

सकाळपर्यंत ब्रॅडॉकने सगळं पुस्तकाबरहुकूम केलं होतं. बगलेला पहारे होते, पहाटे बिनीची तुकडी पाठवून नदीचे उतार ताब्यात घेतले होते. नदी पार झाली आणि सगळ्यांना वाटलं, धोक्याची जागा मागे पडली. काफिल्याच्या रस्त्यावर रोड ओपनिंग पार्टीचं, म्हणजे काफिल्याआधी रस्ता तपासणाऱ्या तुकडीचं, काम केलेल्या कुणालाही ही मनःस्थिती ओळखीची असेल: पूल सुरक्षित पार पडला की त्याच्या पुढच्या वळणावरची टेकडी तपासायला पाय उचलत नाही.

पण मोहीम त्या तीन तासांत बुडाली असं मी मानत नाही. ती दोन महिने आधी, घोड्यांच्या हिशेबात बुडायला लागली होती.

हा हिशेब जवळून बघण्यासारखा आहे. ब्रॅडॉकला गाड्या मिळेनात. व्हर्जिनिया आणि मेरीलँडने दिलेली आश्वासनं हवेत विरली. शेवटी बेंजामिन फ्रँकलिनने पेनसिल्व्हेनियाच्या शेतकऱ्यांसाठी जाहीर पत्रक काढलं: चार चांगले घोडे आणि हाकणारा यांसह गाडीला दिवसाला १५ शिलिंग, पाठीवर ओझं वाहणाऱ्या घोड्याला दोन शिलिंग. शेतकऱ्यांनी जनरलवर विश्वास ठेवायला नकार दिला तेव्हा फ्रँकलिनने स्वतःच्या नावाने हमी दिली आणि दीडशे गाड्या उभ्या राहिल्या. आपल्या सैन्यात याला सीएचटी म्हणतात, म्हणजे भाड्याने घेतलेली नागरी वाहतूक. दीडशे गाड्यांचा आकडा छान दिसतो. आता त्या काय ओढू शकतात ते बघा. एका गाडीवर ढोबळ मानाने ९०० किलो माल धरू. डोंगरात तेवढाही जात नाही, पण धरू. काम करणाऱ्या घोड्याला चारा आणि चंदी मिळून दिवसाला नऊ-दहा किलो लागते. चार घोडे, म्हणजे दिवसाला चाळीस किलो. गाडीत दुसरं काहीही न भरता नुसती वैरण भरली, तरी बावीस-तेवीस दिवसांत गाडीचे घोडे गाडी खाऊन मोकळे. आणि फोर्ट कंबरलँडपासून मोनोंगहेलाला पोचायला ब्रॅडॉकला महिना लागला.

वाटेत चरायला मिळेल, हे गृहीत होतं. घोडं नेमकं तिथेच पेंड खात होतं. दाट छायेच्या जंगलात जमिनीवर गवत उगवत नाही. घोडे झाडांची पानं खात राहिले, खंगले, मेले. घोडे कमी म्हणून गाड्या हळू, गाड्या हळू म्हणून मुक्काम जास्त, मुक्काम जास्त म्हणून वैरण आणखी जास्त. या चक्रातून धाडसाने बाहेर पडता येत नाही. एक तर ओझं कमी करायचं, नाही तर वाटेत साठे करायचे. ब्रॅडॉकने पहिलं निवडलं, आणि तेही मोहीम निघाल्यावर.

ओझं होतं तरी किती! वेढ्यासाठी बारा पौंडी तोफा आणि आठ इंची हॉविट्झर, त्या दोरखंड-कप्प्यांनी चढवायला युद्धनौकेवरचे तीसेक खलाशी सोबत आणलेले. सुरुवातीच्याच डोंगरावर तीन गाड्यांचा चक्काचूर झाला. रस्ते आणि मुक्कामांची जबाबदारी असलेला डेप्युटी क्वार्टरमास्टर जनरल सेंट क्लेअर, त्याने रस्ता डोंगरावरून काढला होता. मग त्या खलाशांच्या लेफ्टनंटने, स्पेंडेलो त्याचं नाव, घोडं काढून आजूबाजूला फिरून पाहिलं, तर डोंगराला वळसा घालून जाणारी दरी त्याला सापडली. ज्याचं काम समुद्रावरचं, त्याने वाट शोधली. ज्याचं काम वाट शोधायचं, त्याने शोधली नव्हती. हा स्पेंडेलो मोनोंगहेलाला मारला गेला. त्याच्याविषयी कुणी फारसं लिहीत नाही, पण टेहळणी म्हणजे काय हे शिकवायचं असेल तर मी त्याचंच उदाहरण घेईन.

पहिल्या आठवड्याभरात फौज पस्तीसेक किलोमीटर सरकली. रांग कधी कधी सहा किलोमीटर लांब व्हायची. लिटल मेडोज इथे बैठक झाली आणि तरुण जॉर्ज वॉशिंग्टनने, तो तेव्हा ब्रॅडॉकचा बिनपगारी एडीसी, म्हणजे मदतनीस अधिकारी, होता, सल्ला दिला: निवडक माणसं आणि हलक्या तोफा घेऊन झपाट्याने पुढे जा, जड सामान मागून येऊ दे. सुमारे १,३०० माणसं पुढे निघाली. कर्नल डनबार उरलेल्या फौजेसह आणि बहुतेक गाड्यांसह मागे राहिला, आणि दिवसेंदिवस आणखी मागे पडत गेला.

निर्णय चुकीचा होता का? मला वाटत नाही. किल्ल्यात कुमक पोचण्याआधी गाठायचं असेल तर वेग हवाच होता. त्या निर्णयाचा उरलेला अर्धा भाग कुणी लिहिलाच नाही, हा खरा घोळ. पुढच्या फळीला फटका बसला तर ती कुठे परतणार? तिथे कोण असेल, त्याच्याकडे काय असेल, आणि तो काय करील? रस्त्यात एकही ठाणं नव्हतं. म्हणून ९ जुलैला जी माणसं पळाली ती थांबण्यासारखी जागाच नसल्यामुळे थेट डनबारच्या छावणीपर्यंत पळाली. गाडीवाल्यांनी तर जुवातून एकेक घोडा सोडवला आणि त्यावर बसून पोबारा केला. भाड्याच्या गाडीवाल्याकडून दुसरी अपेक्षाही करू नये. करार वाहतुकीचा होता, मरायचा नव्हता.

आणि आता ज्या गोष्टीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो ती. डनबारच्या छावणीत शेकडो ताज्या दमाची माणसं होती, तोफा होत्या, दारूगोळा होता. फ्रेंचांनी पाठलाग केलेला नव्हता. योद्धे लूट आणि कैदी घेऊन घरोघरी परतत होते, किल्ल्यात काही दिवस शुकशुकाट होता. तरीही छावणीत दारूगोळा नष्ट केला गेला, शंभराहून जास्त गाड्या जाळल्या गेल्या. ब्रॅडॉक १३ जुलैला वारला, त्याला रस्त्याच्या मधोमध पुरून वरून गाड्या नेल्या, म्हणजे खूण राहू नये. डनबार ऑगस्टमध्ये फिलाडेल्फियाकडे निघून गेला, कारण सांगितलं हिवाळी छावणीचं. भर उन्हाळ्यात. मागे उरला तो ब्रिटिशांनी कापलेला रस्ता, आणि त्याच दिशेने सरहद्दीवरच्या वस्त्यांवर पुढची तीन वर्षं धाडी येत राहिल्या. तीन तासांच्या लढाईने एक फळी मोडली होती. मोहीम मोडली ती पुढच्या चार दिवसांत, कारण पराभव झाल्यास काय करायचं याचं एक पानही योजनेत नव्हतं.

फोर्ब्सकडे वळू. स्कॉटिश माणूस, आधीच्या युरोपातल्या युद्धात पुरवठ्याचं काम केलेला, आणि १७५८ च्या मोहिमेत इतका आजारी की दोन घोड्यांच्या मध्ये बांधलेल्या डोलीतून त्याला न्यावं लागे. त्याने पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइलहून नवाच रस्ता काढायला घेतला, एकूण सुमारे ३०० किलोमीटर. पद्धत अशी: रस्ता तोडत जायचं, काही मजला झाल्या की थांबायचं, तटबंदीचं ठाणं बांधायचं, त्यात साठा करायचा, साठा पुरेसा झाला की पुढची उडी. रेस्टाउनला फोर्ट बेडफर्ड, लॉयलहॅनाला फोर्ट लिगोनिअर. ही कल्पना तुर्पां नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याच्या ग्रंथातून घेतल्याचं त्याने लंडनमधून युद्ध चालवणाऱ्या ब्रिटिश मंत्री पिटला पत्रात मोकळेपणाने कळवलं आहे. शत्रूच्या सेनेतल्या लेखकाचं पुस्तक वाचून त्याच्यावरच प्रयोग, हे मला फार आवडतं.

ही पद्धत रटाळ आहे आणि सगळ्यांना ती रटाळच वाटली. वॉशिंग्टन तर भडकला होता. त्याचं म्हणणं, ब्रॅडॉकचा रस्ता तयार आहे, तोच वापरा. लष्करी तर्क म्हणून यात दम होता, पण तो रस्ता व्हर्जिनियाचा होता. ओहायोच्या जमिनीत व्हर्जिनियाच्या बड्या मंडळींचे पैसे गुंतलेले होते, आणि रस्ता ज्याचा त्याचा पुढचा व्यापार. वॉशिंग्टनचं या विषयावरचं एक पत्र फोर्ब्सच्या हाती लागलं आणि तो संतापला. नियोजनाच्या टेबलावर प्रत्येक जण नकाशाबद्दल बोलत असतो, पण रस्ता कुठून जावा या वादात कुणाची जमीन कुठे आहे हेही बघावं लागतं. आजच्या कुठल्याही सीमावर्ती रस्त्याच्या आखणीला हे लागू आहे, याहून जास्त बोलत नाही.

१४ सप्टेंबरला वाईट दिवस उजाडला. फोर्ब्सचा दुय्यम अधिकारी, स्विस कर्नल बुके, याने मेजर जेम्स ग्रँटला सुमारे ८०० माणसं देऊन किल्ल्याची चाचपणी करायला पाठवलं. फोर्ब्सला न विचारता. ग्रँटने फौज विखुरली आणि किल्ल्यातली माणसं बाहेर काढावीत म्हणून पहाटे ढोल वाजवले. ती बाहेर आलीच, अपेक्षेपेक्षा बरीच जास्त. तीनेकशे माणसं गेली, ग्रँट स्वतः पकडला गेला. तीन वर्षांपूर्वीचाच प्रकार, फक्त आकडा लहान.

फरक दुसऱ्या दिवशी दिसला. पळालेल्यांना पळून जायला एक जागा होती: लॉयलहॅना, तट, तोफा, पीठ, वैद्य. फ्रेंचांना वाटलं, घाव ताजा आहे, आणखी एक घालू. १२ ऑक्टोबरला ते लॉयलहॅनावर चालून आले आणि जेम्स बर्डने त्यांना परतवलं. फौज शाबूत राहिली, रस्ता शाबूत राहिला. फोर्ब्सने बुकेला खरमरीत लिहिलं आणि कामाला लागला. मोहिमेचा आराखडाच असा होता की एका ग्रँटने तो कोसळू नये.

इथवर वाचून फोर्ब्सने ठाण्यांच्या जोरावर किल्ला घेतला असं वाटेल. ठाण्यांनी त्याला फक्त वेळ मिळवून दिला. किल्ला पडला तो तीन ठिकाणी घडलेल्या गोष्टींमुळे, आणि त्यातली एकही लढाई त्याच्या फौजेने लढली नाही. ऑगस्टच्या अखेरीस ब्रॅडस्ट्रीट नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने दूर लेक ऑन्टारिओच्या काठावरचं फोर्ट फ्रॉन्टेनॅक घेतलं. ओहायोकडे जाणारा फ्रेंच माल तिथूनच निघायचा. ड्यूकेनची नाळ तुटली. खाणं कमी पडलं म्हणून किल्लेदार लिन्येरीला माणसं परत पाठवावी लागली. दुसरी गोष्ट, ग्रँटचा पाडाव करून खूष झालेले योद्धेही हिवाळ्याआधी घरी गेले. विजयी फौजेतही माणसं घरी जातात, हे नियोजनात धरायला आपण नेहमी विसरतो.

तिसरी गोष्ट राजकीय, आणि माझ्या मते सगळ्यात वजनदार. डेलावेअर आणि शॉनी फ्रेंचांवरच्या प्रेमापोटी लढत नव्हते. त्यांची जमीन कोण घेणार, हा त्यांचा प्रश्न होता. १७५५ मध्ये डेलावेअर प्रमुख शिंगासने ब्रॅडॉकला हाच प्रश्न विचारला होता, आणि शिंगासच्या सांगण्यानुसार उत्तर मिळालं की या जमिनीवर तुमच्या लोकांचा हक्क राहणार नाही. ब्रॅडॉकबरोबर शेवटी मूठभर वाटाडे उरले ते यामुळे. फोर्ब्सला हे कळलं होतं. ख्रिश्चन फ्रेडरिक पोस्ट नावाचा मोरावियन मिशनरी शिंगासचाच भाऊ पिस्केटोमेन याच्यासह ओहायोच्या गावांमध्ये जाऊन आला, फ्रेंच तोफांच्या टप्प्यात बसून बोलून आला. ऑक्टोबरमध्ये ईस्टन इथे तह झाला. पेनसिल्व्हेनियाने अ‍ॅलिगेनीपलीकडचा आधी खरेदी केलेला प्रदेश परत दिला. बातमी ओहायोला पोचली आणि फ्रेंचांच्या बाजूचं रान रिकामं झालं. जंगलात लढण्याची कला न शिकताही फोर्ब्सने जंगल शत्रूकडून काढून घेतलं.

नोव्हेंबरमध्ये त्याने हिवाळ्यासाठी थांबायचं जवळपास ठरवलं होतं. १२ नोव्हेंबरच्या संध्याकाळी लॉयलहॅनाजवळ वॉशिंग्टन आणि जॉर्ज मर्सर यांच्या व्हर्जिनियन तुकड्यांनी अंधुक उजेडात एकमेकींवरच गोळीबार केला. स्वतःच्याच गोळ्यांनी माणसं मेली. पण त्याच चकमकीत सापडलेल्या कैद्याकडून किल्ल्याची दैना समजली. फोर्ब्सने २,५०० माणसं तंबूंशिवाय, हलक्या तोफा घेऊन काढली. म्हणजे तीन वर्षांपूर्वी वॉशिंग्टनने ब्रॅडॉकला सुचवलं होतं तेच. तोच डाव, फक्त या वेळी मागे तटबंदीची ठाणी होती आणि पुढे काय आहे ते माहीत होतं. २४ तारखेच्या रात्री स्फोटाचा आवाज आला. फ्रेंच किल्ला जाळून निघून गेले होते.

कागदपत्रांचा एक मुद्दा इथेच सांगून टाकतो. ड्यूकेनमध्ये ओलीस असलेल्या, ब्रिटिशांच्या बाजूच्या रॉबर्ट स्टोबोने १७५४ मध्ये किल्ल्याचा आराखडा गुपचूप बाहेर पाठवला होता, स्वतःच्या सहीनिशी. तो ब्रॅडॉकच्या पेटाऱ्यात होता आणि पेटारा फ्रेंचांच्या हाती लागला. स्टोबोवर माँट्रिआलला खटला भरला गेला, देहदंडाची शिक्षा सुनावली गेली. ती अमलात आली नाही हे त्याचं नशीब. खबऱ्याचं नाव असलेला मूळ कागद लढाईच्या रांगेत न्यायची गरज काय होती? आज कागदाच्या जागी टॅब्लेट आणि फोन आहेत, गरजेचा प्रश्न तोच.

आता आजच्या काळाकडे. १९६२ च्या चीनयुद्धात तवांगजवळच्या नामका चू नदीच्या काठी आपल्या ७ ब्रिगेडला ज्या जागी उभं केलं, तिथे गाडीचा रस्ता पोचत नव्हता. माल विमानातून त्सांगधरला टाकायचा, त्यातला बराच दऱ्यांत जायचा. माणसं सुती कपड्यांत, जवळ मोजक्या गोळ्या. २० ऑक्टोबरच्या एका सकाळीत ब्रिगेड मोडली आणि पाठोपाठ तवांग सोडावं लागलं. शौर्याबद्दल कुणी बोट दाखवू शकत नाही. पण ती जागा धरायची असं वर ठरवताना, ती पडली तर मागची कुठली तयार आहे, हा प्रश्न विचारला गेला नाही. युक्रेनमध्ये कीव्हच्या उत्तरेला २०२२ मध्ये अडकलेला सुमारे ६४ किलोमीटर लांबीचा रशियन ताफा सगळ्यांनी उपग्रहाच्या चित्रांत पाहिला. एकच रस्ता, दोन्हीकडे चिखल आणि झाडी, इंधनाची बोंब, आणि काही दिवसांत सगळं संपेल असं धरून बांधलेली योजना. वैरणीच्या जागी डिझेल घाला, माझा वरचा हिशेब जसाच्या तसा लागू पडतो: टँकरचा ताफाही डिझेल पितच पुढे जातो.

सगळंच मात्र उचलून आजच्या नकाशावर ठेवता येत नाही. फोर्ब्सची मोठी, तटबंदीची, एका जागी साठवलेली ठाणी आज आत्मघातकी ठरतील. युक्रेनला हायमार्स ही लांब पल्ल्याची अमेरिकन रॉकेट यंत्रणा मिळाल्यावर २०२२ च्या उन्हाळ्यात रशियाची मोठी दारूगोळा कोठारं उडू लागली, ती मागे न्यावी लागली, विखरावी लागली. म्हणून साठा विखुरलेला हवा, हलता हवा. पण विखुरलेल्या साठ्याला माणसं, गाड्या आणि हिशेब जास्त लागतात, हे बहुतेक आराखड्यांत दिसत नाही. वॉर गेममध्ये तरुण अधिकारी बाण फार सुंदर काढतात. पुरवठ्याचं परिशिष्ट रात्री उशिरा, मागच्या सरावातून उतरवून जोडलेलं असतं. मी तपासायला बसलो की एकच करायचो: बाणाच्या मध्यावर बोट ठेवून विचारायचो, इथे तुझी अर्धी बटालियन गेली, उद्या सकाळी उरलेली कुठे आहे आणि काय खाते आहे? आत्मविश्वासाने उत्तर देणारा क्वचित भेटायचा.

फोर्ब्सचं कौतुक करताना हातचं राखूनच करावं. ईस्टनच्या तहात ओहायोच्या लोकांना जे समजावलं गेलं होतं, त्याच्या उलट संगमावर प्रचंड मोठा फोर्ट पिट उभा राहिला. १७६३ मध्ये मूळ अमेरिकन जमातींचं ब्रिटिशांविरुद्धचं पाँटिअ‍ॅकचं युद्ध पेटलं आणि त्याच किल्ल्याला वेढा पडला. त्या वेळी देवीच्या रुग्णांची कांबळी वाटाघाटीला आलेल्या डेलावेअर लोकांच्या हाती देण्यात आली, आणि असं काही करता येईल का याची पत्रं सेनापती अ‍ॅमहर्स्ट आणि आपला हा हुशार बुके एकमेकांना लिहीत होते. बुकेने ऑगस्टमध्ये बुशी रनला पिठाच्या पोत्यांची भिंत करून जखमींना तिच्याआड ठेवलं आणि माघारीचं सोंग करून लढाई जिंकली. पण घोडे इतके गेले होते की ज्या पिठासाठी एवढा खटाटोप केला त्यातलं बरंच त्याला तिथेच नष्ट करावं लागलं.

शिवाय १७५८ च्या योजनेतही एक भगदाड होतंच. किल्ला मिळाल्यावर तो धरायचा कसा, याची रसद नव्हती. एवढी फौज हिवाळाभर तिथे खाऊ शकत नव्हती, म्हणून फोर्ब्सने ह्यू मर्सरला जेमतेम २०० माणसं देऊन ठेवलं आणि बाकीची परत नेली. तो स्वतः मार्च १७५९ मध्ये फिलाडेल्फियात वारला. त्या उन्हाळ्यात लिन्येरीने उत्तरेला व्हेनांगोला फौज जमवली होती, संगम परत घ्यायला. तेवढ्यात ब्रिटिशांनी नायगाराच्या फ्रेंच किल्ल्याला वेढा घातला, लिन्येरीला तिकडे धावावं लागलं, आणि २४ जुलैला ला बेल फामीयच्या लढाईत त्याची फौज मोडली. मर्सरची माणसं वाचली ती नायगाराच्या वेढ्यामुळे. फोर्ब्सच्या आराखड्यात त्यांच्यासाठी काहीच नव्हतं.